चितरीला घातलेला घास

आष्ट्याच्या पीरमहंमद मुलाणींना पूर्ण नावाने फक्त रेशनवाला हाक मारतो. बाकी सगळ्या गावाला ते पीरूचाचा. जत्रा असो, देवीच्या नावाने घातलेली म्हाई असो, कुणाचा नवस फेडायचा असो, दारात बकरं बांधलं की पहिला निरोप चाचांना जातो. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय मटण शिजत नाही, आणि वाट बघणाऱ्या चुलींत हिंदूंच्याच चुली जास्त असतात. वडिलांनी हा धंदा हाती देताना तीन गोष्टी बजावल्या होत्या. जनावरासमोर सुरीला धार लावायची नाही. एकाचं कापणं दुसऱ्याला दिसू द्यायचं नाही. आणि भुकेल्या, तहानलेल्या जनावराला हात लावायचा नाही.

तिसरी गोष्ट चाचांनी जिवापाड जपली. एकदा एका मोठ्या घरच्या म्हाईला पाहुणे येऊन बसले, मसाला वाटून झाला, आणि चाचा मात्र बकऱ्यापुढे बादली धरून उभे. बकरं काही पाण्याला तोंड लावेना. घरधनी चिडला, तेव्हा चाचा म्हणाले, "आवं, शेळी जाती जिवानिशी आन् खाणारा म्हणतो वातड. वातड म्हणणाऱ्याला घडीभर थांबाया काय झालं?" पाहुण्यांना त्या दिवशी बराच वेळ वास घेत बसावं लागलं.

अशा माणसाच्या घरी शाझिया जन्मली आणि जनावरांची डॉक्टर व्हायला निघाली. बारावी सांगलीत केली, मग शिरवळच्या कॉलेजात गेली. चहाच्या टपरीवर बसणाऱ्यांना आयताच विषय मिळाला. बाप कापणार, लेक शिवणार, म्हणजे गिऱ्हाईक कुठनंही जाणार नाही, असं बोलून झालं. पदवी घेऊन ती पुढच्या पदवीला बसली आणि तिच्या संशोधनाचा विषय गावात कळला, तेव्हा तर धनाजी गवंड्याने हात जोडले. "चाचा, तुमची पोरगी शेळीला दुखू न्हाई म्हणून औषध शोधती म्हणं. मग तुमच्या धंद्याचं कसं व्हायाचं?" चाचा सगळ्यांबरोबर हसले. त्यांचा ऊर भरून आला होता, पण ते टपरीवर दाखवण्यासारखं नव्हतं.

विषय तिने उगाच घेतला नव्हता. ती शाळेत असताना घरची शेळी अडली होती. करडू आत मेलेलं आणि आडवं. डॉक्टरांनी हात घालून ते ओढून काढलं, आणि तोवर शेळी अशी ओरडली की शाझियाची आई अख्तरबी कानांवर पदर दाबून परड्यात जाऊन बसली. चाचांनी शेळीचं तोंड छातीशी धरलं होतं. दाराआडून शाझियाने विचारलं, "डॉक्टर, हिला दुखणार न्हाई अशी सुई नसती का?" डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "असती की. कमरंच्या मणक्यात द्याया लागती. पण कुठलं औषध द्यावं आन् किती, गोठ्यात बसून त्याचा भरवसा कुणी द्यावा?" पोरीने ते डोक्यात ठेवलं.

आता ती तोच भरवसा शोधत होती. शेळीच्या कमरेपाशी मणक्यांच्या फटीत सुई द्यायची आणि तीन औषधं ताडून बघायची. पहिलं लवकर चढतं, पण मागचे पाय पार लुळे पाडतं आणि लवकर उतरतं. दुसरं उशिरा चढतं, पुष्कळ टिकतं, पण शेळी गुंगते, लाळ गाळते, काळजाचे ठोके मंदावतात. तिसरं म्हणजे या दोघांचं मिश्रण, दोन्ही कमी कमी घेऊन. शाझियाचा सगळा जीव त्या मिश्रणात होता. जिथं वीज नाही, यंत्र नाही, एकटा डॉक्टर आणि घाबरलेली बाई आहे, तिथं ते चालावं, असं ती फोनवर सांगायची. चाचांना औषधांची नावं राहायची नाहीत. मिश्रण मात्र त्यांनी ध्यानात ठेवलं, कारण तो शब्द उच्चारताना पोरीचा आवाज बदलायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाला तिचा फोन आला. शेळ्या बघणारे नाथाजीमामा गावच्या जत्रेला गेलेत, आठवडाभर तरी यायचे नाहीत. बदली माणूस मिळेना. तिच्या गाईड ज्ञानदा मॅडमनी परवानगी दिली होती. "अब्बा, तुमी येता का? शेळ्या तुमच्याइतक्या कुणाला कळत्यात?"

चाचांनी त्याच दिवशी पिशवी भरली. कऱ्हाड, सातारा मागे टाकत एसटी खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडली, तेव्हा त्यांनी टोपी नीट केली, जणू लेकीच्या सासरीच चालले होते.

शेळ्यांचा गोठा कॉलेजच्या मागच्या अंगाला होता, स्वच्छ आणि कोरडा. चाचांना तो लगेच मानवला. सगळ्या शेळ्यांच्या कानात बिल्ले होते, पण बिल्ल्यावरच्या आकड्याने काय जनावर ओळखू येतं? त्यांनी दुसऱ्या दिवशीच नावं ठेवली. पांढऱ्या ठिपक्यांची एक चितरी होती, ती त्यांच्या मागे मागे फिरायची आणि सदऱ्याचं टोक चघळायची. शाझियाने बघितलं आणि तिचा चेहरा जरा उतरला. "अब्बा, लय माया लावू नका." "मी कुठं लावतोय? तीच लावती," चाचा म्हणाले.

चितरीला मिश्रण द्यायचं ठरलं, त्याच्या आदल्या सकाळीच शाझियाने सांगून ठेवलं की आता हिला चारा नाही, आणि संध्याकाळपासून पाणीही नाही. औषधाने पोटाची हालचाल थांबते, पोट भरलेलं असलं तर ते फुगतं, जनावर गुदमरतं. "तुमी राखाया आलाय, चारा घालाया न्हाई, ध्यानात ठिवा." चाचांनी मान हलवली. त्यांना पटलंही होतं.

पण पहाटे नमाज आटोपून ते गोठ्यावर आले तर चितरी रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून उभी होती. त्यांना बघून ओरडली. साधं ओरडणं नव्हे, तहानेने घसा बसल्यासारखं. चाचा तिथून निघून गेले. परत आले. शेजारच्या शेळ्या मेथीघास खात होत्या आणि ही मधल्या जाळीला नाक लावून बघत होती. आता थोड्या वेळात हिला धरायचं, हिच्या कण्यात सुई जायची, आणि हिच्या पोटात काल सकाळपासून घास नाही. चाचांनी आयुष्यात असल्या जनावराला हात लावला नव्हता. वडिलांची आठवण आली. एवढ्याशाने काय होतंय, असं ते स्वतःशीच म्हणाले, आणि कोवळ्या घासाची एक पेंडी तिच्यापुढे टाकली. मग बादलीही धरली. चितरी प्यायली ती पीतच राहिली. पेंडी संपली तेव्हा त्यांनी गव्हाण हाताने झाडून काढली.

झाडता झाडता त्यांनी मागे वळून कुणी बघत नाही ना ते पाहिलं. बरोबर केलं असतं तर गव्हाण झाडायची काय गरज होती?

चितरीला टेबलावर घेतलं तेव्हा खोलीत शाझिया, ज्ञानदा मॅडम आणि तोंड धरायला चाचा, एवढीच माणसं होती. शाझियाने कमरेवरचे केस काढून जागा पुसली आणि बोटाने फट चाचपली. त्या हाडांतून चाचांनी हजारदा सुरी फिरवली होती. तिथंच लेकीचं बोट इतकं हळुवार थांबलेलं बघून त्यांना कसंतरीच झालं. सुई आत गेली. औषध गेलं. शाझिया घड्याळ लावून बसली आणि ठरावीक वेळाने शेळीच्या मागच्या पायाला, कुशीला टाचणी टोचून बघू लागली. सुरुवातीला चितरी पाय झटकायची. हळूहळू झटकणं थांबलं. मग टाचणी रुतली तरी तिला पत्ता नव्हता.

"मॅडम, चढलं!" शाझियाचा आवाज अगदी लहानपणीचा होता.

चाचांना हसता आलं नाही. चितरीचं डोकं त्यांच्या हातात जड होत चाललं होतं. लाळ गळायला लागली. शाझिया म्हणाली, एवढी लाळ गळायचीच. ठोके मंदावले. ते पण ठरल्यापैकीच, असं मॅडम म्हणाल्या. चाचांची नजर मात्र डाव्या कुशीवर खिळली होती. तिथली खळगी भरत होती. खळगी सपाट झाली, मग वर आली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, आता सगळ्यांना दिसणार, आता विचारणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

शाझियाने कुशीवर टिचकी मारून बघितली. "अब्बा, ही उपाशी हाय नव्हं?"

"व्हय," चाचा म्हणाले.

शब्द तोंडातून गेला. जनावराच्या बाबतीत ते उभ्या जन्मात खोटं बोलले नव्हते. गाभण बकरी कापायला आणणाऱ्याला त्यांनी दारातून परत पाठवलं होतं, आजारी बकरं तोंडावर नाकारलं होतं. आणि इथं, स्वतःच्या लेकीसमोर, मॅडमसमोर, जीभ अशी फिरली.

"मग नुसता वायू हाय," शाझिया मॅडमना म्हणाली. "थोडं थांबते. आत्ताच उतारा दिला तर मिश्रण किती टिकतं ते कळायचं नाही." मॅडमनी मान डोलावली, पण कपाळावर आठी होती. "थांब. पण फार नको थांबूस. ही गेली तर जनावरांवरच्या प्रयोगांची समिती काम बंद करेल, आणि ते बरोबरच असेल."

ते थांबले. चाचांना वाटलं, हे थांबणं माझ्या जिवावर बेतणार. सांगावं तर लेकीची मान मॅडमपुढे खाली जाते. बापाला आणलं आणि बापानेच घाण केली, हे कॉलेजभर होणार. न सांगावं तर? शेळी जगली तरी पोरगी लिहिणार की मिश्रणाने पोट फुगतं. ज्या औषधावर तिचा जीव आहे, त्याला तिच्याच हाताने नावं ठेवणार, आणि कुठल्या तरी गोठ्यात कुणाची तरी शेळी पुन्हा तशीच ओरडत राहणार. चितरीचा श्वास आखूड झाला होता. तिने एकदा मान ताणली, तिच्या घशात काहीतरी खळखळलं आणि नाकातून गळलं.

"खाल्लंया तिनं!" चाचा ओरडले. "मी घातलं. पहाटं. मेथीघास घातला, पाणी पाजलं. खोटं बोललो मी, शाझिया. माझं चुकलं, पर हिला वाचीव."

शाझियाने त्यांच्याकडे बघितलं. तेवढंच एकदा बघितलं. मग तिचे हात भराभर चालू लागले. शेळीला कुशीवरून उठवून छातीवर बसती केली, घसा उंच आणि नाक खाली येईल असं डोकं चाचांना धरायला लावलं. तिच्या जबड्यात लाकूड आडवं घालून नळी पोटात सोडली. आंबूस, हिरवट वास खोलीभर पसरला आणि नळीतून हवा फुसफुसत बाहेर आली. मॅडमनी उताऱ्याचं औषध भरून दिलं. मघाशी चितरीच्या नाकातून जे गळलं ते हिरवं होतं. आणखी थोडं थांबले असते तर ते श्वासनळीत गेलं असतं, एवढंच मॅडम बोलल्या. त्यांनी चाचांना एक शब्दही सुनावला नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

कूस खाली बसली. पण चितरी उठेना. शाझिया शेजारी उकिडवी बसून ठोके मोजत होती. तिने घड्याळ बंद केलं होतं. त्या दिवसाचं सगळं निरीक्षण वाया गेलं होतं. चाचा भिंतीशी उभे होते. अख्तरबीचा फोन आला. "कसं चाललंया?" चाचा म्हणाले, "करायला गेलो गणपती, झाला मारुती," आणि फोन ठेवून दिला. दुपार कलली. कुणीही त्यांना जा म्हणालं नाही आणि बस म्हणालं नाही.

उन्हं उतरताना चितरीने पुढचे पाय टेकले. मागचं धूड एकदा उचललं, पडली. पुन्हा उचललं. उभी राहिली तेव्हा शाझियाने कपाळ तिच्या पाठीवर टेकलं, आणि तिचे खांदे हलताना चाचांना दिसले. आपण पुढं व्हावं की नाही, हेही त्यांना ठरवता येईना.

संध्याकाळी त्यांनी पिशवी भरली. शाझिया दारात आली.

"कुठं निघाला?"

"आष्ट्याला. हितं माझं काय काम हाय आता?"

"काम संपलं न्हाई. चितरी नीट झाली की पुन्यांदा द्यायचं हाय. नाथाजीमामा त्यांच्या पावण्यांकडं लग्नाला राहिलेत." ती बोलताना त्यांच्याकडे बघत नव्हती. "मॅडमनी विचारलं, राखणीला दुसरा माणूस बघू का. मी नगं म्हणलं."

"का गं?"

"तुमी एकदा खोटं बोलला, त्याचा तुमाला किती तरास झाला ते मी बघितलंय. दुसऱ्या माणसाचं मला काय म्हाईत?" तिने त्यांच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली. "आणि मला तुमचा राग आलाय. लय आलाय. पर राखण तुमीच करायची."

चाचांनी पिशवीतला सदरा काढून परत खुंटीला अडकवला.

चितरी बरी झाली, खाऊ-पिऊ लागली. मॅडमनी तपासून होकार दिला आणि पुन्हा तिची पाळी आली. पुन्हा चारा बंद, पाणी बंद. चाचांनी गोठ्याच्या दारात खुर्ची टाकली. चितरी ओरडली. त्यांनी हातांची बोटं एकमेकांत अडकवली आणि बसून राहिले. तिने जाळीला शिंगं घासली, त्यांच्याकडे बघून पुन्हा ओरडली, मग ओरडायची थांबली. ते थांबणं त्यांना जास्त लागलं. ती रात्र कशी गेली ते त्यांचं त्यांना ठाऊक. पहाटे त्यांनी गव्हाणीवर हात फिरवून बघितला. ती कोरडी होती, आणि या खेपेला झाडावी लागली नव्हती.

पुन्हा तीच खोली, तेच टेबल. औषध चढलं. लाळ आली, थोडीच. ठोके मंदावले, पण बेताने. कूस मात्र खळगीच्या खळगी राहिली. चाचांचा जीव तरी थाऱ्यावर नव्हता. दर घडीला ते कुशीकडे बघायचे, मग लेकीच्या तोंडाकडे. शाझियाने टाचणी टोचली. चितरी त्यांच्या हातात डोकं ठेवून शांत बघत होती. तिचे डोळे उघडे होते आणि त्यांत भीती नव्हती. चाचांच्या हातांनी आजवर पुष्कळ डोकी धरली होती. असं शांत डोकं त्यांनी प्रथमच धरलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

औषध टिकलं. शाझियाला हवं होतं त्याहून जास्त टिकलं. मग सावकाश उतरलं आणि चितरी आपली आपण उठली, जरा डुलली, खोलीत दोन फेऱ्या मारून थेट चाचांच्या सदऱ्याकडे वळली. मॅडम पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. शाझियाने शेळीचा घसा चाचपून बघितला, ती नीट गिळते का याची खात्री केली. "आता पाणी द्याया हरकत न्हाई."

ती बादली आणायला वळली आणि थबकली. चाचांनी भिंतीला पाठ टेकली होती. त्यांचे ओठ फुटले होते, पांढरे पडले होते. सकाळी त्यांच्यापुढे ठेवलेला चहा तसाच साय धरून खिडकीत होता. कालचा डबा तिने गोठ्यात बघितला होता, तोही भरलेलाच. तेव्हा तिला वाटलं होतं, बाहेर जेवून आले असतील.

"अब्बा, तुमी कालधरनं काय खाल्लं न्हाई?"

"न्हाई."

"पाणी?"

"ती कुठं प्याली हुती?"

शाझियाने नळावर बादली भरली, तांब्या भरला. बादली चितरीपुढे ठेवली आणि तांब्या बापाच्या हातात दिला. चाचांनी तो हातातच धरून ठेवला. चितरीने बादलीत तोंड बुडवलं, दोन घोट तिच्या घशाखाली उतरलेले दिसले, मग त्यांनी तांब्या तोंडाला लावला.